इन्सुलिनच्या शोधाचे सूत्रधार : प्राध्यापक जॉन मॅक्लाउड



आपल्या घरी, शेजारी किंवा मंडळीत मधुमेहाने पीडित असलेली एखादी तरी व्यक्ती आपल्या परिचयाची असेल. न्याहारीपूर्वी पोटाच्या अथवा मांडीच्या कातडीत ती बारीक सुई टोचून घेते आणि मग नेहमीच्या कामास लागते. त्या सुईतून शरीरात जाणारे औषध म्हणजे इन्सुलिन. ते कोणी शोधले असा प्रश्न केला, तर बहुतेकांच्या ओठी बँटिंग आणि बेस्ट ही दोन नावे येतात. परंतु १९२३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून देण्यात आले, त्यांत बेस्ट यांचे नाव नव्हते. फ्रेडरिक बँटिंग यांच्या जोडीने तो मान मिळाला कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन जेम्स रिकार्ड मॅक्लाउड यांना.

ज्या उन्हाळ्यात पहिला गुणकारी अर्क तयार झाला, त्या उन्हाळ्यात मॅक्लाउड प्रयोगशाळेत नव्हते. ते समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये होते. मग ते या मानाचे वाटेकरी कसे झाले? वरिष्ठाने कनिष्ठांच्या श्रमाचे फळ लाटले, असे उत्तर अनेकांनी कित्येक दशके दिले. ते उत्तर कितपत न्याय्य आहे, हे या पुरुषाचे जीवन पाहून आपणच ठरवावे.

पाळकांच्या घरी जन्म

जॉन मॅक्लाउड यांचा जन्म ६ सप्टेंबर १८७६ रोजी स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यातील क्लुनी या खेड्यात झाला. त्यांचे वडील रेव्हरंड रॉबर्ट मॅक्लाउड हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक होते. हे नाव आपणांस परके नाही. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आणि नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे याच चर्चचे मिशनरी होते. विल्सन कॉलेज व हिस्लॉप कॉलेज ही नावे आजही त्यांची आठवण देतात.

जॉन लहान असतानाच वडिलांची नेमणूक ॲबर्डीन शहरात झाली आणि कुटुंब तेथे राहावयास गेले. तेथील ग्रामर स्कूलमध्ये व पुढे ॲबर्डीन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १८९८ साली ते सन्मानाने वैद्यकीय पदवी उत्तीर्ण झाले. प्रवासी शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे त्यांना जर्मनीतील लाइपझिग येथे वर्षभर अभ्यास करता आला. परतल्यावर लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवू लागले. १९०३ साली त्यांनी मेरी मॅक्वॉल्टर यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे प्राध्यापकपद स्वीकारले. त्या वेळी त्यांनी वयाची सत्तावीस वर्षे नुकतीच गाठली होती. या दांपत्यास मूलबाळ झाले नाही.

मॅक्लाउड हे मितभाषी, नीटनेटके व काटेकोर स्वभावाचे गृहस्थ होते. आपल्या विषयातील जगभरचे लेख वाचावेत, ते पारखावेत आणि त्यांतील विखुरलेल्या गोष्टी एका ठिकाणी मांडाव्यात, ही त्यांची खरी हातोटी होती. क्लीव्हलंडमध्ये त्यांनी शरीरातील साखरेच्या उलाढालींचा अभ्यास हाती घेतला आणि १९१३ साली मधुमेहावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१८ साली टोरांटो विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले, तेव्हा या विषयातील जाणते म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झालेले होते.

तो काळ कसा होता?

वाचकहो, त्या काळातील मधुमेही बालकांची अवस्था आपण डोळ्यांपुढे आणावी. पोटाच्या मागील बाजूस असलेले स्वादुपिंड काढून टाकले असता कुत्र्याला मधुमेह होतो, हे जर्मन संशोधक मिंकोव्हस्की आणि मेरिंग यांनी १८८९ सालीच दाखवून दिले होते. स्वादुपिंडात बेटांप्रमाणे विखुरलेले पेशींचे लहान पुंजके असतात, हे लँगरहान्स यांनी १८६९ साली पाहिले होते. या बेटांतून काही तरी रक्तात मिसळते आणि त्यामुळे शरीरास साखर वापरता येते, असा तर्क होता. तथापि ते द्रव्य कोणाच्याही हाती पक्के लागलेले नव्हते. बर्लिनच्या झ्युल्त्सर यांनी अर्क करून रुग्णांना टोचला होता, पण त्याचे दुष्परिणाम फार झाले.

तोवर वैद्यांच्या हाती उपासमारीखेरीज दुसरा इलाज नव्हता. अमेरिकेतील डॉ. ॲलन यांच्या पद्धतीने रुग्णास अत्यल्प अन्न देत असत. त्यामुळे मरण काही महिने, क्वचित काही वर्षे पुढे ढकलले जाई. मुले हाडांचा सापळा होऊन अंथरुणास खिळत. आईबाप उशाशी बसून असत. भुकेल्या लेकराने भाकरी मागितली तरी ती द्यावयाची नाही, हाच त्याच्या जीविताचा आधार होता.

दाराशी आलेला तरुण

नोव्हेंबर १९२० मध्ये फ्रेडरिक बँटिंग नावाचा २८ वर्षांचा शल्यवैद्य मॅक्लाउड यांच्या भेटीस आला. बँटिंग हे ऑन्टारिओतील एका मेथॉडिस्ट शेतकऱ्याचे पुत्र. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून शौर्य गाजविले होते. परंतु लंडन नावाच्या कॅनडातील गावी थाटलेला त्यांचा दवाखाना चालत नव्हता. एक वैद्यकीय लेख वाचून एका रात्री त्यांच्या मनात एक कल्पना आली. स्वादुपिंडाची नलिका बांधून ठेवावी, म्हणजे पाचक रस तयार करणारा भाग झिजून जाईल आणि बेटांचा भाग शिल्लक राहील. मग त्याचा अर्क काढावा. संशोधनाचा मात्र त्यांना अनुभव नव्हता, आणि विषयाचे वाचनही बेताचेच होते.

मॅक्लाउड यांच्या उणिवाही लपविण्याचे कारण नाही. त्यांनी प्रथम फारसा उत्साह दाखविला नाही. थोर थोर लोकांचे हात जेथे टेकले, तेथे हा नवखा काय करणार, असे त्यांना वाटले. तरीही त्यांनी दार बंद केले नाही. पूर्णपणे झिजलेल्या स्वादुपिंडाचा अर्क आजवर कोणी तपासलेला नाही; उत्तर नकारार्थी आले तरी तेही कळणे उपयोगाचे आहे, असा विचार त्यांनी केला. त्यांनी बँटिंग यांना जागा दिली, कुत्रे दिले आणि चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवीधर होत असलेला सहायक दिला. रक्तातील साखर मोजण्याचे काम बेस्ट यांना येत होते आणि शस्त्रक्रिया बँटिंग यांना येत होती. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे, अशी ही जोडी होती.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी मॅक्लाउड स्वतः हाताशी उभे राहिले आणि कुत्र्याचे स्वादुपिंड कसे काढावे हे त्यांनी दाखविले. जूनच्या मध्यास ते कामाची दिशा आखून देऊन सुट्टीसाठी स्कॉटलंडला गेले.

तो उन्हाळा फार कडक गेला. माडीवरील कोंदट खोलीत बँटिंग व बेस्ट घाम गाळीत होते. बँटिंग यांना पगार नव्हता. कित्येक कुत्रे दगावले. पण ३० जुलै रोजी अर्क टोचलेल्या एका कुत्र्याच्या रक्तातील साखर उतरली. दोघांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी पत्राने कळविले असता मॅक्लाउड यांचे उत्तर आले, ते कौतुकाचे होते आणि सावधगिरीचेही. साखर अन्य कारणांनीही उतरते. म्हणून प्रयोग पुनःपुन्हा करावेत आणि शंकेस जागा राहू देऊ नये, असे त्यांनी सुचविले.

तरुण रक्तास हा सल्ला अविश्वासासारखा वाटला. सप्टेंबरमध्ये मॅक्लाउड परतले, तेव्हा पहिली ठिणगी उडाली. बँटिंग यांनी पगार, खोली आणि कुत्र्यांची देखभाल करणारा मदतनीस मागितला. एकाला अधिक दिले तर विभागातील इतरांची कामे अडतील, असे मॅक्लाउड म्हणाले. शब्दास शब्द वाढला. अखेर मॅक्लाउड यांनी मागण्या मान्य केल्या, परंतु बँटिंग यांच्या मनातील सल गेला नाही. ज्याच्या हाती संस्थेची तिजोरी व जागा असते, त्याला सर्वांचे समाधान करता येत नाही, हे आपल्यापैकी ज्यांनी शाळा, दवाखाना किंवा मंडळीचा कारभार पाहिला आहे, त्यांना सांगावयास नको.

चौघांचे काम

डिसेंबर १९२१ पर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. अर्कात गुण होता, पण तो गढूळ होता. कधी लागू पडे, कधी पडत नसे. माणसाच्या शरीरात तो निर्धास्तपणे टोचता येईल इतका शुद्ध करणे बँटिंग व बेस्ट यांच्या आवाक्याबाहेरचे होते. येथे मॅक्लाउड यांनी जे केले, ते या कथेतील त्यांचे मोठे कार्य होय. ॲल्बर्टा विद्यापीठातील जेम्स कॉलिप हे निष्णात जीवरसायनशास्त्रज्ञ त्या वर्षी टोरांटोत अभ्यासास आलेले होते. त्यांना मॅक्लाउड यांनी या कामावर घेतले.

कॉलिप यांनी ससे घेऊन अर्काची ताकद अजमावण्याची सोपी रीत बसविली. अर्क दिला असता मधुमेही कुत्र्याच्या यकृतात पुन्हा साखरेचा साठा होऊ लागतो, हे त्यांनी दाखविले. मग त्यांनी अल्कोहोलचे प्रमाण पायरीपायरीने वाढवीत नेले. एका प्रमाणावर नको ते प्रथिन खाली बसते आणि गुणकारी द्रव्य विरघळलेले राहते. त्याहून थोडे अधिक अल्कोहोल घातले की तेही खाली बसते, असे त्यांना आढळले. शुद्धतेची वाट सापडली होती.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास अर्क टोचण्यात आला. त्याचे वजन अवघे ६५ पौंड उरले होते. हा अर्क बँटिंग व बेस्ट यांनी केलेला होता. साखर थोडी उतरली, पण सुईच्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावा लागला. २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा शुद्ध अर्क देण्यास प्रारंभ झाला. मुलाच्या लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली. त्याच्या अंगी तरतरी आली. मरणाच्या दाराशी पोहोचलेले लेकरू परत फिरले होते.

पण याच दिवसांत प्रयोगशाळेत मात्र वणवा पेटला होता. आपला शोध दुसऱ्यांच्या हाती जात आहे, या भीतीने बँटिंग व्याकूळ झाले होते. डिसेंबरअखेर न्यू हेवन येथील परिषदेत त्यांना निबंध नीट मांडता आला नव्हता. अध्यक्षस्थानी असलेल्या मॅक्लाउड यांनी मध्ये पडून प्रश्नांची उत्तरे दिली. उत्तरे देताना त्यांनी कामाचा उल्लेख आम्ही केलेले काम असा केला. विभागप्रमुखाच्या तोंडी तो शब्द स्वाभाविक होता. बँटिंग यांना मात्र तो काट्यासारखा टोचला. जानेवारीत बँटिंग आणि कॉलिप यांची तर हातघाई झाली.

अशा वेळी काम मोडून पडावयास क्षणही लागत नाही. २५ जानेवारी रोजी बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांनी विद्यापीठाच्या कॉनॉट प्रयोगशाळेशी एक करार केला. कोणीही स्वतंत्रपणे पेटंट घेऊ नये, आणि एकत्र विचार केल्याशिवाय कामाची पद्धत बदलू नये, असे त्यात ठरले. मने जुळली नाहीत, पण हात एकत्र राहिले. त्या दिवशी रुग्णालयात खाटेवर पडलेल्या मुलास एवढेच पुरेसे होते.

यानंतर मॅक्लाउड यांनी आपल्या विभागाचे बळ या कामामागे उभे केले. आणखी एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या लेखावर त्यांनी आपले नाव घालू दिले नाही. ते काम बँटिंग व बेस्ट यांचे आहे, असे त्यांचे मत होते. लाटणारा माणूस असे करीत नाही.

प्रयोगशाळेतून जगाकडे

३ मे १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेतील नामांकित वैद्यांच्या सभेत मॅक्लाउड यांनी हा शोध जगापुढे मांडला. निबंधावर सात जणांची नावे होती. बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेले इन्सुलिन हे नाव त्या दिवशी सर्वांनी ऐकले. सभेने उभे राहून टाळ्यांचा गजर केला. बँटिंग आणि बेस्ट मात्र त्या सभेस गेले नाहीत.

शोध लागला म्हणजे काम संपले, असे आपणांस वाटते. खरे पाहता अवघड भाग आता सुरू झाला होता. मोठ्या पातेल्यांतून अर्क करू लागताच तो साधेनासा झाला. कॉलिप यांनाही काही आठवडे जुनी किमया पुन्हा जमेना. इकडे देशोदेशींच्या आईबापांची पत्रे येऊ लागली. एका मुलास द्यावे तर दुसऱ्यास पुरत नव्हते. अशा परिस्थितीत पुढील गोष्टी जुळवून आणावयाच्या होत्या, आणि त्यांतील बहुतेकांत मॅक्लाउड यांचा हात होता.

पहिली गोष्ट पेटंटची. कोणी लोभी मनुष्य पेटंट घेऊन औषध अडवून बसेल, ही भीती होती. म्हणून बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठास देऊन टाकले. मॅक्लाउड यांचे नाव पेटंटावर नव्हते. विद्यापीठाने एक इन्सुलिन समिती नेमली, तीत मॅक्लाउड यांनी मनापासून काम केले.

दुसरी गोष्ट निर्मितीची. इंडियानापोलिस येथील इली लिली कंपनीशी मे १९२२ च्या अखेरीस करार झाला. कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आणि टोरांटोचे शास्त्रज्ञ एकमेकांस आपले अनुभव कळवीत राहिले आणि गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून भरपूर औषध निघू लागले. ब्रिटनमध्ये हे हक्क वैद्यकीय संशोधन परिषदेस देण्यात आले.

तिसरी गोष्ट मापाची. एका बाटलीतील औषध सौम्य आणि दुसरीतील जहाल असेल, तर औषधच विष ठरावे. म्हणून उपाशी सशाच्या रक्तातील साखर ठराविक पातळीपर्यंत उतरविण्यास लागेल तेवढ्या इन्सुलिनास एक एकक मानण्यात आले. इन्सुलिन अधिक झाले तर सशास झटके येतात आणि ग्लुकोज देताच तो सावध होतो, हेही याच प्रयोगशाळेत नीट तपासले गेले. आज इन्सुलिन घेणारी माणसे खिशात साखरेचा खडा किंवा गोळी बाळगतात, त्यामागे हेच ज्ञान आहे.

चौथी गोष्ट पुराव्याची. इन्सुलिन खरोखर त्या बेटांतूनच येते काय? १९२२ च्या उन्हाळ्यात मॅक्लाउड न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर गेले. काही माशांत ही बेटे उरलेल्या स्वादुपिंडापासून वेगळी असतात. त्यांनी दोन्ही भागांचे अर्क निराळे काढले. बेटांच्या अर्काने साखर उतरली, दुसऱ्याने उतरली नाही. जुना तर्क सिद्ध झाला.

वाचकहो, नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधला तेव्हा प्रत्येक घराण्यास आपापला भाग नेमून दिला होता, हे आपण शास्त्रात वाचतो. धोंडे वाहणारे हात अनेकांचे होते. कोणता भाग उघडा राहिला आहे याकडे पाहणारे डोळे मात्र कोणाचे तरी असावे लागतात. टोरांटोत तसे पाहणारे मॅक्लाउड होते.

मान आणि मनस्ताप

डेन्मार्कचे नोबेल मानकरी शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग १९२२ च्या अखेरीस टोरांटोस आले आणि मॅक्लाउड यांच्याच घरी उतरले. त्यांच्या पत्नी मारी या स्वतः वैद्य असून त्यांना मधुमेह होता. क्रोग यांनी सर्व काम डोळ्यांनी पाहिले, इन्सुलिन तयार करण्याची परवानगी मायदेशी नेली आणि पुढे बँटिंग व मॅक्लाउड यांची नावे नोबेल पारितोषिकासाठी सुचविली. कल्पना बँटिंग यांची. पण मॅक्लाउड यांच्या मार्गदर्शनाशिवाय ती फळास आली नसती, असे त्यांचे मत झाले होते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये निकाल जाहीर झाला. बँटिंग संतापले. पारितोषिक नाकारावे, असेही त्यांच्या मनात आले. मित्रांनी समजूत घातल्यावर त्यांनी ते स्वीकारले आणि आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्ट यांना देत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली. अशा रीतीने दोघांचा मान चौघांत वाटला गेला, आणि अखेर तोच न्याय ठरला. मात्र तो समेटाने झाला नाही, तर रागाच्या वाटेने झाला, याची खंत वाटते.

बँटिंग कॅनडाचे राष्ट्रीय वीर झाले, आणि ते योग्यच होते. परंतु त्यांच्या मनातील कटुता मॅक्लाउड यांच्याविषयी निवळली नाही, आणि शहरात ती बोलली जाऊ लागली. मॅक्लाउड कानांनी ऐकत होते. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या कारभाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सर्व हकीकत सविस्तर लिहून दिली होती. त्यात त्यांनी बँटिंग व बेस्ट यांचे श्रेय नाकारले नाही आणि कॉलिप यांचेही विसरले नाहीत. ते टिपण त्यांनी वर्तमानपत्रांकडे पाठविले नाही. जाहीर सभेत बँटिंग यांच्याविरुद्ध त्यांनी मोहीम उभारली नाही. ते वर्गात शिकवीत राहिले, ग्रंथ लिहीत राहिले.

१९२८ साली त्यांनी टोरांटो सोडले आणि ज्या ॲबर्डीन विद्यापीठात ते शिकले होते, तेथेच प्राध्यापक म्हणून परतले. बागकाम आणि गोल्फ हे त्यांचे आवडीचे विरंगुळे होते. संधिवाताने हळूहळू त्यांचे सांधे जखडले, तरी प्रयोग व अध्यापन त्यांनी शक्य होते तोवर सोडले नाही. १६ मार्च १९३५ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाने इन्सुलिनची पहिली सुई घेतली होती, तो लेनर्ड थॉम्पसन पुढच्याच महिन्यात न्यूमोनियाने वारला. १४ व्या वर्षी संपणारे त्याचे आयुष्य तेरा वर्षांनी वाढले होते.

उशिरा आलेला न्याय

बँटिंग १९४१ साली विमान अपघातात गेले. मॅक्लाउड यांनी लिहून ठेवलेली हकीकत पुढे कित्येक वर्षांनी छापून आली. कॅनडातील इतिहासकार मायकेल ब्लिस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जुनी टिपणवह्या, पत्रे आणि आठवणी शेजारी ठेवून तपासल्या. बँटिंग यांच्या ध्यासाशिवाय काम सुरू झाले नसते. बेस्ट यांच्या हाताशिवाय ते चालले नसते. कॉलिप यांच्या कौशल्याशिवाय ते माणसाच्या उपयोगी पडले नसते. आणि मॅक्लाउड यांच्याशिवाय हे तिघे एका छपराखाली आलेच नसते, हे त्यातून दिसून आले. टोरांटो विद्यापीठातील एका सभागृहास आज मॅक्लाउड यांचे नाव आहे. २०२३ साली ॲबर्डीनच्या डुथी पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. बाकावर बसलेल्या त्या पुतळ्याशेजारी येणाऱ्याजाणाऱ्यास बसता येते.

वाचकहो, आपल्या जुन्या नाटकांत सूत्रधार प्रथम रंगमंचावर येतो, पात्रांस बोलावतो आणि मग बाजूस होतो. प्रेक्षक त्यास विसरतात. मॅक्लाउड यांच्या बाबतीत तर लोक त्यांना विसरले एवढेच नव्हे, त्यांना दोषही दिला. ते निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. त्या पहिल्या शरद ऋतूत त्यांनी बँटिंग यांना दोन प्रेमाचे शब्द अधिक सांगितले असते, त्यांच्या दारिद्र्याची थोडी आधी दखल घेतली असती, तर कदाचित इतकी कटुता वाढली नसती. जो अनेकांचे काम एकत्र आणतो, त्याने त्यांची मनेही सांभाळावयास हवीत, हा धडा त्यांच्या चुकीतून मिळतो. आणि कोणी कितीही दूषण दिले तरी हाती घेतलेले काम रुग्णाच्या हितासाठी मोडू द्यावयाचे नाही, हा धडा त्यांच्या वर्तनातून मिळतो.

आपल्या ओळखीची ती व्यक्ती उद्या सकाळी पुन्हा सुई हाती घेईल. बाटलीवर एककांचा आकडा छापलेला असेल. तो आकडा विश्वासाने वाचता यावा म्हणून खपलेल्या माणसांत पाळकाच्या घरी जन्मलेले हे मितभाषी प्राध्यापकही होते, एवढे आपण तिला अवश्य सांगावे.